राजीनाम्यावरची सही

(वरवंड, ता. दौंड येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या भाषणाचा मजकूर)

नोकरकपातीच्या प्रश्नावर बोलावयाचे तर ते पिंपरीत बोलावे, भोसरीत बोलावे. ऊस, कालवा आणि गुऱ्हाळे यांच्या मुलुखात वरवंडला येऊन त्याची चर्चा कशासाठी, असे कोणी विचारील. भल्या सकाळी पुणे-सोलापूर रस्त्यावर घटकाभर उभे राहिले की याचे उत्तर मिळते. कोणी कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीकडे निघालेला असतो, कोणी हडपसर-खराडीकडे, तर कोणी न्हावऱ्यावरून रांजणगावकडे. दौंड आणि शिरूर या दोन तालुक्यांत ज्या घरात एकही माणूस पगारावर नाही असे घर आता शोधावे लागेल. शेत एका भावाकडे आणि पगार दुसऱ्याकडे, अशी या भागातील कुटुंबांची घडी तीस वर्षांत बसली आहे. नव्वदीच्या दशकात जे तरुण म्हणून कारखान्यांत आणि कचेऱ्यांत शिरले, ते आज पन्नाशीच्या आसपास आहेत. मुलांची शिक्षणे, घराचे हप्ते आणि आईबापांची दुखणी असा सगळा भार ज्या वयात एकदम खांद्यावर येतो, नेमक्या त्याच वयात त्यांच्या हाती एक छापील कागद दिला जातो आणि ‘येथे सही करा’ असे सांगितले जाते. आज मला बोलावयाचे आहे ते या कागदाविषयी.

प्रथम एक जुने तत्त्व समजून घेऊ. शेतकऱ्याच्या नावावर सातबारा असतो. कामगाराच्या नावावर काय असते? यंत्र मालकाचे, इमारत मालकाची, कच्चा माल मालकाचा. कामगाराच्या नावावर एकच गोष्ट जमा होत जाते, ती म्हणजे त्याच्या सेवेची वर्षे. सेवाज्येष्ठता हा कामगाराचा सातबारा आहे. औद्योगिक विवाद कायदा १९४७ साली आला आणि १९५३ साली त्यात कामगारकपातीचे प्रकरण घातले गेले. तेव्हा कायद्याने हे तत्त्व मान्य केले की कपात करावीच लागली, तर जो शेवटी आला तो आधी जाईल. पुन्हा माणसे घ्यावयाची झाली, तर कमी केलेल्यांना आधी विचारावे लागेल. यामागे केवळ दया नव्हती. ज्याने आपली उमेदीची वर्षे एका जागी घातली, त्याला दुसरीकडे नव्याने उभे राहणे सर्वांत कठीण. म्हणून त्याचे संरक्षण सर्वांत अधिक, असा सरळ न्याय त्यात होता.

आज हा न्याय उलटा झाला आहे. जो आधी आला तो आधी जातो, कारण त्याचा पगार अधिक आहे. आणि गंमत अशी की त्यासाठी कायदा मोडावाही लागत नाही. कायद्याने कपातीला बंधने घातली, तेव्हा व्यवस्थापनांनी कपात हा शब्दच टाळला. कामगाराला काढावयाचे नाही. त्याने स्वतः गेले पाहिजे! स्वेच्छेने निवृत्त होणाऱ्याला कायदा कपातीत मोजत नाही. राजीनामा देणारा तर आपल्या हाताने दार उघडून बाहेर पडलेला असतो. मग ‘शेवटी आला तो आधी’ हा नियम लागू होत नाही, नुकसानभरपाई लागू होत नाही, सरकारच्या परवानगीचा प्रश्नही उद्भवत नाही. एका सहीने सातबारा कोरा होतो.

अगदी अलीकडचे उदाहरण घ्या. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस या देशातील सर्वांत मोठ्या संगणक-सेवा कंपनीने जुलै २०२५ मध्ये आपल्या नोकरवर्गापैकी सुमारे दोन टक्के, म्हणजे १२ हजारांहून अधिक माणसे कमी करण्याचे जाहीर केले. ही माणसे प्रामुख्याने मधल्या आणि वरच्या श्रेणीतील असतील, हेही कंपनीनेच सांगितले. त्याआधी जूनमध्ये नियम आला होता की प्रत्येकाने वर्षात किमान २२५ दिवस ग्राहकाच्या कामावर असले पाहिजे. कामावाचून बसण्याचे दिवस ३५ पेक्षा अधिक होता कामा नयेत. वरवर हा नियम सर्वांना सारखा आहे. परंतु ग्राहकाला ज्याचा दर महाग पडतो, त्याला काम मिळण्यास उशीर लागतो. आणि दर महाग असतो तो पंधरा-वीस वर्षे नोकरी झालेल्याचा. पुण्यातील ‘नाइट्स’ या संगणक कर्मचाऱ्यांच्या संघटनेने जबरदस्तीने राजीनामे घेतले जात असल्याची तक्रार केंद्रीय श्रम मंत्रालयाकडे आणि राज्य शासनाकडे केली. कंपनीने संघटनेचे आरोप आणि आकडे नाकारले. तो वाद बाजूला ठेवू. कंपनीने स्वतः प्रसिद्ध केलेले आकडेच पाहू. जून २०२५ अखेर तिच्याकडे ६ लाख १३ हजार माणसे होती, ती सप्टेंबर अखेर ५ लाख ९३ हजार झाली. तीन महिन्यांत जवळजवळ २० हजारांची घट! एवढी माणसे एखाद्या गिरणीतून गेली असती तर मोर्चे निघाले असते. येथे एकेकाला स्वतंत्र खोलीत बोलावले की काम भागते. शेजारच्या टेबलावरच्या माणसालाही पत्ता लागत नाही.

ही रीत संगणक कंपन्यांनी शोधून काढलेली नाही. बजाज ऑटोने २००७ साली आकुर्डीतील उत्पादन थांबविले, तेव्हा सुमारे २,७०० कामगारांपुढे हाच प्रश्न उभा राहिला. पिंपरीची हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही स्वतंत्र भारताने १९५४ साली स्थापन केलेली, पेनिसिलिन बनविणारी कंपनी. तिची जमीन विकून देणी भागवावीत आणि कर्मचाऱ्यांना स्वेच्छानिवृत्ती द्यावी, असा निर्णय २०१६ साली केंद्रीय मंत्रिमंडळाने घेतला. म्हणजे मालक खासगी असो की सरकार असो, म्हाताऱ्या होत चाललेल्या हातांसाठी योजना एकच!

या सहीची किंमत किती, याचा हिशेब कार्यकर्त्याला तोंडपाठ असला पाहिजे. समजा, एखाद्या कामगाराचे मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून महिना ३० हजार रुपये आहेत आणि त्याची नोकरी २४ वर्षे झाली आहे. दर वर्षाला १५ दिवसांचे वेतन या हिशेबाने त्याला सुमारे ४ लाख १५ हजार रुपये ग्रॅच्युइटी मिळते. ही पाच वर्षे नोकरी झालेल्या प्रत्येकाची आहे. राजीनामा दिला तरी ती बुडत नाही. व्यवस्थापन पुष्कळदा हीच रक्कम ‘कंपनी तुम्हाला देत आहे’ अशा थाटात पुढे करते, हे लक्षात ठेवा. कपात झाली तर मात्र दर वर्षाला १५ दिवसांची नुकसानभरपाई वेगळी मिळते. ती जवळजवळ तेवढीच होते, आणि नोटिशीचा पगारही मिळतो. राजीनाम्यावर सही केली की ही दुसरी रक्कम गेली. म्हणजे एका सहीला सुमारे चार लाख रुपये पडले.

पण दोन्ही रकमा मिळाल्या तरी काय होते? हा माणूस पन्नास वर्षांचा आहे असे धरा. कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेचे पूर्ण वेतन ५८ व्या वर्षी सुरू होते. मधल्या आठ वर्षांचे महिने ९६. आठ लाख रुपये ९६ महिन्यांवर पसरले आणि व्याज महागाई खाऊन टाकते असे मानले, तर महिन्याला साडेआठ हजारही हाती येत नाहीत. ५८ नंतर मिळणारे निवृत्तिवेतन, १५ हजारांच्या वेतनमर्यादेवर मोजले जात असल्यामुळे, एवढ्या नोकरीला पाच हजारांपर्यंतही क्वचितच पोचते. आणि या योजनेतील किमान रक्कम २०१४ साली ठरली ती महिना १,००० रुपये. भविष्यनिर्वाह निधी बहुधा घरासाठी किंवा मुलीच्या लग्नासाठी आधीच खर्ची पडलेला असतो. ज्या दिवशी नोकरी जाते त्या दिवशी कंपनीचा आरोग्यविमाही जातो, आणि तोही नेमका रक्तदाब व मधुमेह घरात शिरण्याच्या वयात.

एकरकमी पैशाचा मोह किती फसवा असतो, हे बँक कर्मचाऱ्यांनी अनुभवले आहे. २००० साली सार्वजनिक क्षेत्रातील बँकांनी स्वेच्छानिवृत्ती योजना आणली आणि सुमारे १ लाख माणसे बाहेर पडली. त्या वेळी ठेवींवर १० टक्क्यांच्या आसपास व्याज होते. त्या व्याजावर घर चालेल असे गणित अनेकांनी मांडले. २००४ येईतो तेच व्याज सहा टक्क्यांच्या खाली आले. बँकेत आयुष्य घालविलेल्या, व्याजाचे गणित तोंडी करणाऱ्या माणसांची जर ही गत झाली, तर यंत्रावरच्या कामगाराने कोणाच्या भरवशावर तो निर्णय घ्यावा?

आता कायद्याकडे वळू. आणीबाणीच्या काळात, १९७६ साली, मोठ्या कारखान्यांना कपात, ले-ऑफ अथवा टाळे लावण्यापूर्वी सरकारची परवानगी घेणे बंधनकारक झाले. मर्यादा होती ३०० कामगारांची. १९८२ च्या दुरुस्तीने ती १०० वर आणली गेली. आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेने ती पुन्हा ३०० वर नेली. शासनाला अधिसूचना काढून ती आणखी वाढविण्याची मुभाही दिली. कुरकुंभमध्ये ज्यांच्या पटावर ३०० कामगार आहेत असे कारखाने किती आहेत, हे तुम्ही स्वतः जाऊन मोजा, म्हणजे या एका आकड्याचा अर्थ तुम्हाला कळेल. संहितेत पुनर्प्रशिक्षणाच्या निधीची तरतूद आहे. कपात झालेल्या कामगारामागे मालकाने १५ दिवसांचे वेतन त्यात भरावयाचे. पंचवीस वर्षांचा धंदा विसरून नवा धंदा शिकण्याची किंमत पंधरा दिवसांचा पगार! आणि तोही कपात झालेल्याला. राजीनामा दिलेल्याला तेवढेही नाही.

आणखी एक पळवाट आहे. पर्यवेक्षणाचे काम करणारा आणि महिना १८ हजारांहून अधिक वेतन घेणारा नोकर या संहितेप्रमाणे कामगार नाही. व्यवस्थापनातील माणूस तर नाहीच नाही. म्हणून दहा-बारा वर्षे झाली की नावापुढे ‘मॅनेजर’ लागते. पगार थोडा वाढतो, घरच्यांना आनंद होतो आणि कायद्याचे छत्र हळूच मिटले जाते. येथे एक गोष्ट लक्षात ठेवा. न्यायालये पदाचे नाव पाहत नाहीत, प्रत्यक्ष काम पाहतात. ज्याच्या हाताखाली कोणी नाही, ज्याला रजा मंजूर करण्याचा अधिकार नाही, तो पाटीवर मॅनेजर असला तरी कामगार ठरू शकतो. हे सुशिक्षित नोकरदाराला माहीत नसते, आणि ‘मी कामगार नव्हे’ या अभिमानापायी ते तो विचारीतही नाही.

मित्रहो, या प्रश्नाशी गावाचा जो संबंध आहे तो आपण पुरेसा ओळखलेला नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. तो एवढा दीर्घकाळ टिकला याचे एक मोठे कारण कोकणातील आणि घाटावरील गावे होती; संपकऱ्यांची कुटुंबे त्यांनी पोसली. परंतु संप फसल्यावर जे हजारो कामगार पुन्हा कधीच गिरणीत गेले नाहीत, त्यांचा भारही याच गावांनी उचलला. गिरण्यांच्या जमिनींवर मनोरे उभे राहिले. गिरणी कामगारांच्या घरांची म्हाडाची सोडत निघाली ती २०१२ साली, संपानंतर तीस वर्षांनी, आणि ती ६,९२५ घरांची. ज्याच्या श्रमावर मुंबई उभी राहिली त्याचे म्हातारपण दीड एकर कोरडवाहू जमिनीने सांभाळले.

आजही हेच चालू आहे. ‘गावी शेती आहेच की’ हे वाक्य राजीनामा घेणाऱ्या अधिकाऱ्याच्या तोंडी असते आणि दुर्दैवाने आपल्याही तोंडी असते. शेती आहे, पण ती तीन भावांत वाटलेली आहे. जी जमीन पगाराची जोड असल्याने तग धरून होती, तिच्यावर आणखी एक कुटुंब येऊन बसते. सरकारच्या बेकारीच्या मोजणीत हा माणूस बेकार दिसत नाही, कारण तो शेतावर आहे! कारखानदाराने जे निवृत्तिवेतन द्यावयाचे ते गाव देते, आणि त्याची नोंद कोणत्याही वहीत होत नाही. कपात एवढी स्वस्त पडते ती गाव तिचा खर्च सोसते म्हणून.

आणि गावाजवळच्या कारखान्यांची स्थिती काय आहे? थेऊरचा यशवंत सहकारी साखर कारखाना २०११ साली बंद पडला आणि त्यानंतर दहा वर्षांहून अधिक काळ त्याचे गाळप झाले नाही. आपल्या पाटसचा भीमा सहकारी साखर कारखाना काही हंगाम बंद राहिला आणि २०२२ साली कर्नाटकातील निराणी समूहाकडे चालविण्यास गेला. कारखाना बंद पडला की उसाचे काय, सभासदांचे काय, कर्जाचे काय, याची चर्चा होते आणि ती व्हावयासच हवी. पण जुन्या कामगाराच्या वर्षांचे काय? चालक बदलला तर त्याची जुनी सेवा अखंड धरली पाहिजे, नाहीतर कपात झाल्याप्रमाणे भरपाई दिली पाहिजे, हे तत्त्व जुन्या कायद्यात होते आणि नव्या संहितेतही आहे. ते माहीत असणारा एक तरी माणूस गावात हवा.

जुन्या माणसाला नवे तंत्र येत नाही, असा युक्तिवाद केला जातो. त्यात थोडे तथ्य आहे, म्हणून त्याला नीट उत्तर दिले पाहिजे. साखर कारखान्यातील पॅनमन पहा. पॅनमधून काढलेला नमुना काचेवर घेऊन, उजेडात धरून, दाणा बसला की नाही हे तो सांगतो. ती नजर येण्यास कित्येक हंगाम जातात. पुढे यंत्रावर आकडे दाखविणारी साधने आली. ती त्याला शिकवावी लागली आणि तो शिकला. नवे साधन जुन्या नजरेच्या हाती गेले तर काम उत्तम होते. संगणकाच्या कचेरीत हा नियम बदलण्याचे कारण नाही. वीस वर्षे ज्याने एकाच ग्राहकाचे काम सांभाळले, त्याला नवे तंत्र शिकविण्यास जेवढा खर्च येतो, त्याहून तो काढून कमी पगारावर नवा मुलगा घेणे स्वस्त पडते, एवढाच खरा मुद्दा आहे. आणि त्या नव्या मुलालाही या व्यवहारात काही मिळत नाही. त्याला कायम करीत नाहीत. तो शिकाऊ किंवा कंत्राटी राहतो, आणि वीस वर्षांनी हाच कागद त्याच्यापुढे येणार असतो. म्हणून हा तरुण विरुद्ध म्हातारा असा झगडा आहे असे कोणी भासवू लागले, तर त्याला तेथल्या तेथे अडवा. उसाच्या चिपाडालादेखील कारखाना फेकून देत नाही, ते बॉयलरला घालतो. माणसाला मात्र तेवढेही मोल नाही.

तर मागावयाचे काय? अमेरिकेसारख्या भांडवलशाही देशातही १९६७ पासून चाळिशी ओलांडलेल्या नोकरदाराला वयावरून काढण्यास कायद्याने बंदी आहे. तेथेही तो कायदा डावलला जातो, हे खरे. पण १९९० साली त्याला जोडलेली एक तरतूद आपल्या विशेष उपयोगाची आहे. चाळिशीपुढच्या माणसाकडून वयावरून होणाऱ्या भेदभावाविरुद्धचा आपला हक्क सोडल्याची सही घ्यावयाची असेल, तर त्याला विचारासाठी २१ दिवस द्यावे लागतात. अनेकांना एकदम काढावयाचे असेल तर ४५ दिवस. आणि सही केल्यावरही ७ दिवसांच्या आत ती मागे घेता येते. आपल्याकडे खासगी नोकरीत वयावरून भेदभाव करू नये असा कायदाच नाही. आपली पहिली मागणी ही असली पाहिजे: दहा वर्षांहून अधिक सेवा झालेल्या कोणाचाही राजीनामा ४५ दिवस आणि श्रम अधिकाऱ्यासमोरचा जबाब यांवाचून ग्राह्य धरू नये.

दुसरी मागणी महाराष्ट्राच्याच इतिहासातून येते. पुण्यात बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने १९५५ पासून आणि मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी हमाल-माथाडींना संघटित केले, आणि १९६९ साली माथाडी कायदा झाला. रोज वेगळ्या मालकाचे ओझे उचलणाऱ्या माणसाचे हक्क कोणत्याही एका मालकाकडे ठेवले नाहीत. ते मंडळाकडे ठेवले. मालक लेव्ही भरतात, मंडळ भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी सांभाळते. मालक बदलला म्हणून कामगाराची वर्षे बुडत नाहीत. ज्याला अडाणी म्हटले गेले त्या हमालाने जे मिळविले, ते अभियंत्याला आणि फिटरला का मिळू नये? वसाहत-निहाय असे मंडळ मागितले पाहिजे.

मागण्या मान्य होतील तेव्हा होतील. तोवर करावयाचे काम साधे आहे आणि ते येथूनच सुरू होऊ शकते. प्रत्येक गावात पंचेचाळिशीपुढच्या नोकरदारांची वही करा: कोण कोठे, किती वर्षे, कायम की कंत्राटी. त्यांच्या नेमणूकपत्राच्या आणि पगारपत्रकाच्या प्रती घरी ठेवावयास सांगा. दारात अडविल्यावर कचेरीतले कागद मिळत नाहीत. प्रत्येकाला एक वाक्य पाठ करून द्या: ‘मी घरी विचारून, सल्ला घेऊन उत्तर देईन.’ एवढे म्हणणे बेशिस्त ठरत नाही. दबावाने सही झालीच, तर त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, ती मागे घेत असल्याचे लेखी पत्र कंपनीला आणि प्रत श्रम आयुक्तांना गेली पाहिजे. बँकांच्या योजनेतदेखील, स्वीकृतीपूर्वी अर्ज मागे घेणाऱ्यांचे म्हणणे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली मान्य केले होते. उशीर झाला की स्वेच्छा सिद्ध होते.

आणि शेवटी घरातले. नोकरी गेलेला पन्नाशीचा माणूस प्रथम लपवितो. तो डबा घेऊन रोजच्या वेळी घरातून निघतो आणि दिवसभर कोठेतरी बसून राहतो. ‘माझ्यातच काही उणे असेल’ हे त्याच्या मनावर बिंबविलेले असते. शेजारी, पाहुणे आणि सोयरे तेच बोलून पक्के करतात. त्याच्याकडे जाऊन, यात तुझा दोष नाही, हा ठरवून केलेला व्यवहार आहे आणि तो एकट्या तुझ्याशी केलेला नाही, हे त्याला सांगणारा पहिला माणूस आपला कार्यकर्ता असावा. वही उद्यापासून घाला. वरवंडची यादी पंधरा दिवसांत पुरी झाली, तर पुढच्या वर्गात पाटस, यवत आणि केडगावची माणसे बोलावू.